आत्ता घेऊ, की नवीन मॉडेलसाठी थांबू? गाडीची वाट पाहण्याचा आपला इतिहास

कर्जत लोकलच्या गर्दीत ज्यांना इअरफोनमधलं अर्धंच ऐकू येतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात, म्हणजे एमएच ०५ च्या नंबरप्लेटवाल्या आपल्या भागात, तिशीच्या आतबाहेरची अनेक मुलं आता चांगलं कमावतात. कुणाचं स्वतःचं दुकान, कुणी आयटीत, कुणाचा वडिलांच्या कारखान्यात हात. त्यातल्या काहींच्या मनात एक दोन दारांची, बुटकी, मोठ्या इंजिनाची गाडी बसलेली असते. पैसे जमतात, बँकही हो म्हणते आणि नेमकी त्याच वेळी बातमी येते की या गाडीचं नवीन मॉडेल येतंय. मग काय करायचं? आत्ता घ्यायची, की थांबायचं?

यूट्यूबवर याची शंभर उत्तरं मिळतील. आपण इतिहासवाले, त्यामुळे आपला प्रश्न जरा वेगळा. आपल्याकडे आधी जे लोक थांबले, त्यांचं पुढे काय झालं?

रांगेचा काळ

सुरुवात कुर्ल्यापासून करू. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. वालचंद मूळचे सोलापूरचे. या कंपनीने पुढे फियाटच्या गाड्या बनवायला घेतल्या. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. तीच ती, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी.

आता गंमत बघा. इटलीत १९६९ साली या ११०० मॉडेलची जागा फियाट १२८ या नव्या गाडीने घेतली. म्हणजे रीडिझाइन झालं होतं, फक्त ते तुरिनमध्ये झालं. कुर्ल्यात जुनीच गाडी साधारण २००० सालापर्यंत बनत राहिली. अॅम्बेसेडरचंही तेच. ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. तिकडे ते मॉडेल १९५९ ला संपलं, इकडे अॅम्बेसेडर २०१४ पर्यंत चालली.

कारण सरळ होतं. लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं. स्पर्धा नाही, आयात जवळजवळ बंद आणि जे बनेल ते विकलं जाणारच. मग कंपनी नवीन डिझाइनवर पैसा कशाला घालेल?

त्या काळात अंबरनाथच्या विमको माचिस कारखान्यात किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीत काम करणाऱ्या माणसासाठी मोटार फार लांबची गोष्ट. त्याचं स्वप्न म्हणजे बजाजची स्कूटर. तिचीही रांग कित्येक वर्षांची. आज नंबर लावा, मुलगा शाळेत गेल्यावर गाडी घ्या, अशी अवस्था. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळायची. नंबर लागलेला माणूस तोच नंबर जादा पैसे घेऊन दुसऱ्याला विकायचा आणि वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग जायची. आजच्या मुलांना हे खोटं वाटेल, पण घरातल्या आजोबांना विचारा.

आपल्या घरातली वडीलधारी माणसं म्हणतात ना, "मिळतंय तर घेऊन टाक," ते उगाच नाही. त्यांच्या अनुभवात थांबणं म्हणजे तीच वस्तू उशिरा मिळणं. थांबून चांगलं काही मिळतं, हा अनुभव त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. एकदा मात्र आला.

१९८३ ते १९८६: थांबणारा जिंकला

१९८३ साली मारुती ८०० चं बुकिंग सुरू झालं. दहा हजार रुपये आधी भरायचे. लाखाहून जास्त लोकांनी भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना पहिली किल्ली मिळाली. किंमत साधारण साडेसत्तेचाळीस हजार.

पण ही पहिली मारुती आज रस्त्यावर आठवते तशी नव्हती. तिचा आकार चौकोनी, डब्यासारखा. १९८६ मध्ये कंपनीने नवीन बॉडी आणली, जरा गोलाई असलेली, आतून जास्त ऐसपैस. इंजिन तेच ७९६ सीसी. ज्यांचा नंबर उशिरा लागला, त्यांना आपोआप नवीन आकाराची गाडी मिळाली. रांगेत मागे असणं पहिल्यांदाच फायद्याचं ठरलं.

मात्र ज्याने १९८६ ची गाडी पाहून "अजून थोडं थांबू, याहून नवीन येईल" असं ठरवलं असेल, त्याचं काय? बारीकसारीक बदल होत गेले, पण तो आकार २०१४ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे २८ वर्षं टिकला. थांबण्याचं फळ एकदा मिळालं म्हणून ते दर वेळी मिळेलच असं नाही.

आपल्या शेजारची गोष्ट

आता कुर्ल्याहून घराजवळ येऊ. प्रीमियरचा दुसरा कारखाना होता कल्याण-डोंबिवली भागात. आज कल्याण-शीळ रस्त्यावरचं 'प्रीमियर मैदान' राजकीय सभांसाठी सगळ्यांना माहीत आहे. ते नाव तिथूनच आलं.

१९९१ नंतर दारं उघडली आणि प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडू लागली. पद्मिनीत बसलेल्या माणसाला ही गाडी म्हणजे विमान वाटली. पण युरोपात हीच ३०९ तोपर्यंत बंद झाली होती. आपली नवी गाडी तिकडची जुनी होती. कामगारांशी वाद, भागीदारांमधले मतभेद असं सगळं होऊन १९९७ साली प्यूजोने गाशा गुंडाळला. गाडी घेणाऱ्यांच्या हाती उरला पार्ट शोधायचा उद्योग.

त्याच काळात फियाट उनोचं बुकिंग झालं. अडीच लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. मात्र कामगार वाद आणि उत्पादनातल्या अडथळ्यांमुळे सुरुवातीला फारच थोड्यांना गाडी मिळाली. ही उनोसुद्धा इटलीत उतरतीला लागलेली, तिच्या जागी तिकडे पुंटो आलेली.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. प्यूजो घेणाऱ्याने घाई केली आणि उनोवाला थांबला. अडकले दोघंही. कारण खरा प्रश्न गाडीच्या वयाचा नव्हताच. बनवणारी कंपनी इथे टिकणार आहे का, हा होता.

स्पोर्ट्स कारचं काय?

आता मूळ मुद्द्यावर. आपल्याकडे स्पोर्ट्स कार बनवायचे प्रयत्न झाले. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ मध्ये 'स्टॉर्म' आणली. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनोचं छोटं पेट्रोल इंजिन. आज कुठे दिसली तर लोक फोटो काढतात. तिची सुधारित आवृत्ती येईल म्हणून जो थांबला, त्याच्या हाती विशेष काही लागलं नाही.

२०१७ मध्ये टाटाने जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'रेसमो' दाखवली. दोन सीटची, इंजिन मागे, दिसायला जबरदस्त. भारतीय स्पोर्ट्स कार आली म्हणून आपण सगळे नाचलो. ती कधीच विक्रीला आली नाही.

सगळ्यात बोलकी गोष्ट फोर्ड मस्टँगची. २०१६ साली ती अधिकृतपणे भारतात आली. उजव्या हाताचं स्टीअरिंग, पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाख. परदेशात लवकरच फेसलिफ्ट आलं, तेव्हा इथल्या इच्छुकांनी काय म्हटलं असेल? "फेसलिफ्ट येऊ दे, मग बघू." फेसलिफ्ट आलंच नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ चे नियम लागू झाले आणि मस्टँग यादीतून गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करायची घोषणा केली. मस्टँग आयात करून विकू, असं तेव्हा सांगितलं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेत मस्टँगची नवी पिढी झळकली, इथली शोरूम रिकामीच राहिली.

यामागचं गणित साधं आहे. स्पोर्ट्स कार आपल्याकडे फार थोड्या विकल्या जातात. नियम बदलला, की मोजक्या गाड्यांसाठी पुन्हा सगळ्या चाचण्या आणि खर्च करणं कंपनीला परवडत नाही. छोट्या हॅचबॅकचं नवीन मॉडेल येणार हे जवळजवळ नक्की असतं. दोन दारांच्या गाडीचं तसं नसतं. परदेशात आली म्हणजे इथे येईलच, हे गृहीत धरू नका.

मग थांबूच नये का?

तसंही नाही. २९ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टाने बीएस ३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली. पुढचे दोन दिवस दुचाकींच्या शोरूमबाहेर झुंबड उडाली, हजारोंची सूट मिळाली. फेब्रुवारीत पूर्ण किंमत भरलेले हात चोळत बसले.

१५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, २२ सप्टेंबरपासून नवे दर आले. छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. पाच आठवडे थांबलेल्यांचा फायदा झाला. पण ३५० सीसीच्या वरच्या बाइकवर कर ३१ वरून ४० टक्के झाला. तिथे थांबणाऱ्याच्या खिशाला चाट.

आणि टाटा सिएरा. १९९१ ची तीन दारांची सिएरा अनेकांची लाडकी. नव्या सिएराची झलक २०२० च्या ऑटो एक्स्पोत दिसली, गाडी बाजारात सादर झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये. आली, पण पाच वर्षांनी. पंचविशीतला मुलगा तिशीला टेकला.

या सगळ्यातून मला दिसतं ते असं. तारीख ठरलेली असेल, म्हणजे नियम लागू होण्याचा दिवस, कराचा दिवस, भारतातली किंमत आणि बुकिंग जाहीर झालेलं, तर खुशाल थांबा. पण नुसती प्रदर्शनातली गाडी किंवा परदेशातला व्हिडिओ बघून थांबत असाल, तर तुम्ही उनोच्या रांगेत आहात. जाणारं मॉडेल घेताना डीलरशी सूट मागून भांडा, तो तुमचा हक्क आहे. आणि कंपनी पुढची दहा वर्षं पार्ट देईल का, हे मॉडेलच्या वर्षापेक्षा आधी विचारा.

एक स्थानिक मुद्दा राहिला. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. उल्हास नदी कुठलंही मॉडेल ओळखत नाही. बुटकी गाडी पावसाळ्यात कुठे उभी राहणार, सोसायटीचा उतार ती चढणार का, याचं उत्तर रीडिझाइनमध्ये नाही. ते आजच शोधता येतं.

शेवटी आपल्याच गावाकडे बघू. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये आली. कायमची व्यवस्था कधी होईल, कुणालाच माहीत नव्हतं. ती वाट बघत बसली नाहीत, बराकीतच धंदा सुरू केला. ८ ऑगस्ट १९४९ ला सी. राजगोपालाचारी यांनी त्या छावणीला उल्हासनगर नाव दिलं, तोवर तिथला बाजार उभा राहू लागला होता. हप्ता झेपत असेल, घरचं सगळं नीट चालत असेल आणि गाडी आज समोर उभी असेल, तर या गावाचा सल्ला काय असेल ते तुम्हाला कळलंच असेल. हप्ता झेपत नसेल, तर मात्र थांबाच. ते थांबणं मॉडेलसाठी नाही, स्वतःसाठी.

तुमच्या घरात स्कूटरच्या किंवा मारुतीच्या बुकिंगची जुनी पावती असेल, तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!