कॅसेट वाजवली की गेम सुरू! ८० च्या दशकातली मुलं घरबसल्या प्रोग्रामिंग कशी शिकली?

टीव्हीला जोडलेला छोटासा काळा डबा, त्यावर रबराची बटणं आणि शेजारी गाणी ऐकायचा टेपरेकॉर्डर. १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या लाखो घरांत कॉम्प्युटर म्हणजे एवढंच सामान होतं. माउस नाही, इंटरनेट नाही, हार्ड डिस्क नाही. तरीही आज पन्नाशीत असलेले अनेक ब्रिटिश प्रोग्रामर आपली सुरुवात याच डब्यापासून झाल्याचं सांगतात.

हा डबा म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. १६ केबी मेमरीचं मॉडेल १२५ पौंडांना, ४८ केबीचं १७५ पौंडांना. आता ४८ केबी म्हणजे किती? सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'गुड मॉर्निंग'चा फोटोसुद्धा सहसा त्याहून मोठा असतो. त्याच सुमारास बीबीसीने लोकांना कॉम्प्युटर शिकवायला टीव्हीवर मालिका सुरू केली आणि तिच्यासोबत एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' आणला. तो महाग होता, पण शाळाशाळांत पोहोचला. घरात आला तो मुख्यतः स्वस्तातला स्पेक्ट्रम.

सुरू केल्यावर समोर काय दिसायचं?

काहीच नाही. कंपनीच्या नावाची एक ओळ, बाकी स्क्रीन कोरी. मशीन तुमच्या हुकमाची वाट बघत बसायचं आणि त्याला समजणारी भाषा होती बेसिक. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ती १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात तयार केली होती, विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून.

बहुतेकांचा पहिला प्रोग्राम दोन ओळींचा. १० नंबरच्या ओळीत 'प्रिंट' आणि पुढे स्वतःचं नाव, २० नंबरच्या ओळीत 'गो टू १०'. झालं! नाव स्क्रीनभर उमटत राहायचं. दुकानात मांडलेल्या मशीनवर हा उद्योग करून पळून जाणारी पोरंही होती. ओळींना १, २, ३ ऐवजी १०, २०, ३० असे नंबर देत, कारण मध्ये एखादी ओळ राहिली तर १५ नंबर देऊन घुसवता यायची.

प्रोग्राम साठवायचा तो साध्या ऑडिओ कॅसेटवर. कॉम्प्युटर शून्य आणि एकचं रूपांतर आवाजात करायचा आणि ते टेपवर रेकॉर्ड व्हायचं. परत लोड करताना टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे नाचायचे आणि कर्कश किर्रर्र आवाज यायचा. मोठा गेम लोड व्हायला पाचेक मिनिटं लागायची. चौथ्या मिनिटाला 'टेप लोडिंग एरर' आलं, की कॅसेट रिवाइंड करा, आवाजाचं बटण जरासं फिरवा आणि पुन्हा पहिल्यापासून.

खरी शाळा मात्र मासिकांत होती. कॉम्प्युटरच्या मासिकांत गेमचा अख्खा प्रोग्राम छापून यायचा आणि तो हाताने टाइप करावा लागायचा. दुपारभर टाइप करायचं आणि एक स्वल्पविराम चुकला तर गेम चालायचा नाही. काही पानांवर तर नुसत्या आकड्यांच्या रांगा. त्यातला एक आकडा चुकला तर मशीन गपकन अडकायचं, ते बंद करावं लागायचं आणि बंद केलं की मेमरी कोरी! म्हणून 'आधी कॅसेटवर सेव्ह, मग रन' हा धडा पोरं स्वतःच शिकली. कधी चूक छपाईतलीच निघायची आणि दुरुस्ती यायची पुढच्या अंकात. तोवर कुणी ती स्वतः शोधून काढली, तर त्याला प्रोग्रामिंग बऱ्यापैकी कळलं म्हणायचं.

पण सगळेच शिकले का?

नाही. आठवणी सांगताना हे गाळलं जातं. बहुतेकांनी विकत आणलेले किंवा मित्राकडून टेप-टू-टेप कॉपी केलेले गेम खेळले, एवढंच. शिवाय जाहिरातींत मशीनसमोर बहुतेक वेळा मुलगाच बसलेला असायचा. अमेरिकेत जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा घरातला कॉम्प्युटर अनेकदा मुलाच्याच खोलीत ठेवलेला असायचा, असं दिसलं. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत १९८४ च्या सुमारास ३७ टक्के मुली होत्या, पुढे हा आकडा २० च्याही खाली घसरला. कार्नेगी मेलनने प्रवेशासाठी आधीच्या प्रोग्रामिंगला दिलं जाणारं महत्त्व कमी केलं आणि इतरही बदल केले. तिथे नव्याने प्रवेश घेणाऱ्यांत १९९५ मध्ये ७ टक्के मुली होत्या, २००० मध्ये ४२ टक्के.

भारतात घरी कॉम्प्युटर असणं तेव्हा चैनच होती. डेसिबेल्स कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम' विकला खरा, पण अनेक मुलांनी पहिला कॉम्प्युटर पाहिला तो शाळेत. केंद्र सरकारने १९८४ मध्ये सुरू केलेल्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते.

ब्रिटनमध्ये पुढे कोऱ्या स्क्रीनचे कॉम्प्युटर गेले, तयार सॉफ्टवेअरचे आले. केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्ससाठी येणारे अर्ज रोडावले आणि आलेल्यांनाही प्रोग्रामिंगची फारशी सवय नाही, हे एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यावरचा त्यांचा उपाय फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीला आला: ३५ डॉलरचा, टीव्हीला जोडायचा, एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय. नावातला 'पाय' पायथन भाषेवरून घेतलेला आहे.