बिलाविना भाव : आचोळे आणि लॅमिंग्टन रोड

नालासोपारा पूर्वेच्या आचोळे गावात संगणक जुळवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वस्त भाव कसा मिळत गेला, याचा शोध आचोळ्यात नव्हे, तर मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुरू करावा लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले होते आणि आता त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी व्यापारात जुनेच नाव चालते. संगणक येण्याच्या कितीतरी आधी येथे रेडिओचे व्हॉल्व्ह, स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मर विकले जात, त्यामुळे सुटा भाग हातात घेऊन पाहणे, चार दुकानांत भाव काढणे आणि बिघडल्यास त्याच दुकानदाराकडून बदलून घेणे, या बाजाराच्या रीती संगणकाला आयत्याच मिळाल्या.

या रीतींना धार आली ती करांमुळे. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात काहीशी सैल झाली, तरी १९९१ च्या अर्थसंकल्पात ‘उतरवलेले’ कमाल आयातशुल्कदेखील १५० टक्के होते, हे ध्यानात घेतले म्हणजे एकाच वस्तूला दोन भाव का पडत, ते उमगते. पहिला भाव बिलासह, म्हणजे विक्रीकर आणि कंपनीची वॉरंटी धरून, दुसरा बिलाविना. जो माल शुल्क चुकवून किंवा अधिकृत वितरकाला वगळून येई, त्याला ‘ग्रे माल’ म्हणत. ‘ट्रे प्रोसेसर’ हा प्रकार याहून वेगळा आणि बऱ्याचदा पूर्णपणे सचोटीचा होता : संगणक बनवणाऱ्या कारखान्यांसाठी खोक्याशिवाय, थाळीत रचून येणारा प्रोसेसर किरकोळीत फोडून विकला जाई, आणि त्याच्यासोबत पंखाही नसे आणि ग्राहकाला थेट कंपनीची हमीही नसे. त्या हमीची जागा नखाएवढा कागदी स्टिकर घेई, ज्यावर दुकानाचे नाव आणि विक्रीचा महिना-वर्ष असे. तो फाटला की दुकानदाराचा शब्दही संपला. स्वस्ताई म्हणजे ग्राहकाने स्वतःच्या अंगावर घेतलेल्या जोखमीचा मोबदला होता, असे म्हणणे म्हणूनच अधिक योग्य ठरते. मात्र परवान्याविना भरून दिलेली विंडोज हीदेखील या सौद्याचा एक भाग असे, आणि त्या बाबतीत नुकसान ग्राहकाचे नव्हे, दुसऱ्याचेच होई.

आचोळ्याशेजारचे सोपारे हे प्राचीन शूर्पारक बंदर, अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष जेथे सापडले ते ठिकाण. परंतु त्या बंदराचा धागा या आयात मालापर्यंत ताणणे हा स्थानिक अभिमानाचा भाग झाला, इतिहासाचा नव्हे. खरा संबंध आहे तो गेल्या काही दशकांतील वस्तीशी. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे विरारच्या लोकलच्या भरवशावर येथे आली, आणि त्यांच्या मुलांना संगणक हवा झाला तेव्हा लॅमिंग्टन रोडचा भाव आणि आचोळ्याचे घर यांच्यामध्ये स्थानिक असेंबलर उभा राहिला. हाताने लिहिलेले कोटेशन देणे, कॅबिनेट आणि मॉनिटर गर्दीची वेळ टाळून लोकलने आणणे, आणि एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे संगणकाला लागणाऱ्या कमी दाबात रूपांतर करणारा डबा, जळाल्यास तो बदलण्यासाठी पुन्हा फेरी मारणे, हे त्याचे काम. भारनियमनाच्या वर्षांत मुंबई शहर वगळले जाई, पण वसई-विरार पट्ट्यात वीज जाई, म्हणून ग्रँट रोडच्या गिऱ्हाइकाला ऐच्छिक असलेला यूपीएस आचोळ्याच्या कोटेशनमध्ये जवळपास सक्तीचा होता. भाव एकच असूनही संगणक येथे महाग पडे तो असा.

कागदाविना स्वस्त मिळणारी वस्तू येथे संगणकापुरती मर्यादित नव्हती. आचोळे परिसरातील आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ अखेर आणि २०२५ च्या आरंभी पाडण्यात आल्या. घराचा असा सौदा उलटला की माणूस रस्त्यावर येतो. रॅमचा उलटला की हजार-दोन हजार रुपये जातात. ही तुलना त्या फरकासकटच वाचावी लागेल.

दुकानदाराच्या हाती मात्र भाव पुरता कधीच नव्हता. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानमध्ये भूकंप होताच जगभर रॅम कडाडली, २०११ च्या थायलंडमधील पुराने हार्ड डिस्क महागली आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरल्यावर डॉलरमध्ये येणारा सगळाच माल वर चढला. कोटेशनखाली ‘आजचा रेट’ असे लिहिण्याची पद्धत याच अस्थिरतेतून आली, आणि भाव उतरण्याची वाट पाहण्याची सोय ज्याला होती, त्यालाच खरा सौदा साधता आला.

जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारानुसार २००५ पर्यंत बहुतेक सुट्या भागांवरील आयातशुल्क शून्यावर आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईची जकातही गेली, तेव्हा बिलाविना भावातली कमाई आटली. ऑनलाइन दर आचोळ्यातही तोच दिसू लागल्यावर असेंबलरकडे विकण्यासारखे उरले ते मुख्यतः त्याचे श्रम. स्वस्ताईचा शोध मग जुन्या मालाकडे वळला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक कार्डांवरील निर्मिती, म्हणजे मायनिंग, थांबल्यावर महिनोन्‌महिने अहोरात्र चाललेली कार्डे वापरलेल्या मालाच्या बाजारात लोटली गेली. अशा कार्डाच्या पंख्याचा खडखड आवाज, उघडल्या गेलेल्या स्क्रूवरील ओरखडे आणि मागच्या बाजूचा अनुक्रमांक हे तिन्ही तपासले जातात. त्यांतला अनुक्रमांक सर्वांत मोलाचा, कारण काही कंपन्या वॉरंटी बिलावरून नव्हे, तर त्या अंकावरूनच मोजतात.