कडाबीन: दुरुस्ती आणि निगा

छत्तीसगढच्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘भरमार’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. बाजारात टोमॅटोची भरमार झाली की तो रेलचेल सांगतो. बस्तरमधल्या चकमकीनंतर जप्त हत्यारांच्या यादीत येतो, तेव्हा ती तोंडाकडून दारू भरून उडवायची बंदूक असते. मराठीत तिला आपण ठासणीची बंदूक म्हणतो. पण गडचिरोलीच्या बातम्यांत मराठी पत्रकारही ‘भरमार’ असेच लिहितात. इतरत्र जी बंदूक संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात असते, ती आमच्या पट्ट्यात अजून पंचनाम्यात असते. त्यामुळे रायपुरात बसून जुन्या बंदुकांच्या निगेबद्दल लिहिताना तो केवळ हौशी लोकांचा विषय राहत नाही.

मी भाषांतर करते. अभ्यास तौलनिक साहित्याचा, पण पोटापाण्यासाठी करारनामे, वारसाहक्काची कागदपत्रे, जुन्या याद्या असे सगळे हाताखालून जाते. त्यांत कधीकधी एखाद्या जुन्या घरातल्या शस्त्रांची यादी असते. रायपुरात अशी मराठी कागदपत्रे निघतात याचे नवल नाही. 1741 मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वारीने रतनपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तिथून कारभार पाहिला. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यूने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा छत्तीसगढही कंपनीकडे गेले. तात्यापाऱ्यातली मराठी घरे या इतिहासाची आठवण देतात.

या याद्यांत मला सर्वांत जास्त अडवणारा शब्द म्हणजे ‘कडाबीन’. मूळ युरोपातला. फ्रान्समध्ये सोळाव्या शतकात हलक्या घोडेस्वारांचे एक दल या नावाने ओळखले जाई, आणि त्यांच्या आखूड बंदुकीलाही तेच नाव मिळाले. हिंदी-उर्दूत तिची ‘क़राबीन’ झाली, मराठीत ‘कडाबीन’. पण वाटेत अर्थ पसरला. हिंदी कोश क़राबीन म्हणजे रुंद तोंडाची जुनी बंदूक असेही सांगतात; ही तर घोडेस्वाराच्या कडाबिनीपेक्षा वेगळी जात. आजच्या बातमीतली ‘कार्बाइन’ तिसरीच: पोलिसांच्या खांद्यावरची, कानपूरच्या कारखान्यात बनलेली नऊ मिलिमीटरची स्वयंचलित बंदूक. तेव्हा यादीत ‘कडाबीन 1’ एवढेच लिहिलेले असेल तर कोश उघडून भागत नाही. वस्तू पाहावी लागते.

पाहायचे काय? लांबी, तोंड आणि गज. इंग्रजांच्या 1853 च्या एन्फिल्ड पायदळी बंदुकीची नळी 39 इंचांची होती. 1856 च्या घोडेस्वारी कडाबिनीची 21 इंचांची. व्यास दोन्हींचा सारखाच, .577 इंच. घोड्यावर बसून 39 इंच नळीत बार ठासणे अवघड, म्हणून नळी आखूड. धावत्या घोड्यावरून गज खाली पडला तर बंदुकीची काठी होते, म्हणून कडाबिनीचा गज तोंडापाशी आकड्याने कायमचा अडकवलेला. बाजूला पट्ट्यात अडकवण्यासाठी दांडी आणि कडी. हे बारकावे दिसले की शब्दाचा अर्थ ठरतो. आणि नेमके हेच बारकावे ‘दुरुस्ती’त पहिल्यांदा नाहीसे होतात. गंजलेली कडी काढून टाकली जाते, आकडा मोडला म्हणून साधा गज बसवला जातो, नळी घासून चकचकीत केली जाते. मग घरच्यांच्या हातात एक देखणी बंदूक उरते, जिच्याबद्दल काहीही खात्रीने सांगता येत नाही.

‘दुरुस्ती’ आणि ‘निगा’ या दोन शब्दांत आपण फारसा भेद करत नाही. जुन्या मराठी राज्यव्यवहाराला मात्र निगा हे स्वतंत्र काम आहे याची पक्की जाण होती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरच्या दारूखान्याबद्दल दिलेल्या सूचना आजही वाचण्याजोग्या आहेत. दारूखाना घरांना लागून नसावा, त्याभोवती आवार असावे, दारू तळघरात माचावर ठेवावी, ओल लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, पहारा रात्रंदिवस असावा, परवानगीशिवाय कोणी जवळ येऊ नये. यात शौर्याचे एक अक्षर नाही. ओल, ऊन, पंधरवडा आणि पहारा एवढाच मजकूर आहे. पण हवालदार कोण, त्याच्या हाताखाली दारू उन्हात पसरणारी माणसे कोण, हे आपल्याला कळत नाही. शस्त्रांच्या इतिहासात चालवणाऱ्याचे नाव राहते. राखणाऱ्याचे राहत नाही.

रायपूरच्या इतिहासात याला एक अपवाद आहे. 10 डिसेंबर 1857 रोजी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना या शहरात फाशी दिले गेले. जयस्तंभ चौकातून जाताना आजही त्यांची आठवण निघते. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, 18 जानेवारी 1858 च्या संध्याकाळी, इथल्या तिसऱ्या पलटणीतल्या हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला त्याच्या घरात शिरून ठार केले. उठाव काही तासांत मोडला. 22 जानेवारीला सतरा जणांना फाशी झाली. हनुमानसिंह निसटला आणि पुन्हा हाती लागला नाही.

हनुमानसिंहाचा हुद्दा हिंदी पुस्तकांत ‘मैगज़ीन लश्कर’ असा दिलेला असतो. वाचणाऱ्याला वाटते, लष्कर म्हणजे फौज. मग एका माणसाचा हुद्दा ‘फौज’ कसा? इथे शब्दाने एक मोठी फेरी मारली आहे. फारसी ‘लश्करी’ पोर्तुगीजांच्या तोंडी गेला, तिथून इंग्रजीत ‘लास्कर’ झाला. इंग्रजीत तो आशियाई खलाशांसाठी, आणि सैन्यात तंबू ठोकणाऱ्या, तोफांवर व कोठारांत हमालीची कामे करणाऱ्या सर्वांत खालच्या हुद्द्यासाठी रूढ झाला. इंग्रजी कागदातून तो हिंदीत परत आला तेव्हा लिहिणाऱ्याने त्याला त्याचे जुने रूप दिले, आणि अर्थ मात्र निसटला. मराठी करताना मी ‘दारूखान्यावरचा खलाशी’ असे लिहिते. खलाशी म्हटल्यावर समुद्र आठवेल खरा, पण ज्यांच्या घरात कोणी रेल्वेत होते त्यांना गँगमधला खलाशीही आठवेल. तो अर्थ इथे जवळचा.

म्हणजे त्या संध्याकाळी उठलेला माणूस कोठार राखणाऱ्यांपैकी होता. पेट्या उचलणे, मोजणे, ओलीपासून जपणे हे अशांचे काम. दारूगोळा कुठे आणि किती आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आणि तरी सिडवेलवर वार झाले ते तलवारीचे. दारूखान्याच्या माणसाने तलवार का उचलली, यावर मला एकच उत्तर सुचते: बंदुकीच्या पहिल्या बाराने सारी छावणी जागी झाली असती. हा माझा तर्क आहे. पण ‘लश्कर’ या शब्दाचा अर्थ सांडला की हा प्रश्नसुद्धा पडत नाही.

अशी माणसे त्यानंतर अधिकच दिसेनाशी झाली. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे, बनवणे, विकणे बंद झाले. युरोपियनांना सूट होती. बंदूक गेली ती मालकाकडून. पण तिच्यावर जगणाऱ्यांचे काय? शिकलगार हा शब्द घासूनपुसून चकाकी देण्याच्या अर्थाच्या अरबी ‘सैकल’वरून आला. तलवारींना धार लावणारी, पाणी चढवणारी ही माणसे पुढे विळ्या, कात्र्या आणि चाकूंवर आली. त्यांची कला लिहून ठेवलेली नव्हती, हातात होती. आज जुनी कडाबीन हाती आली की ती कशी राखावी हे सांगणारी परंपरा आपल्याकडे तुटलेली आहे, त्याचे एक कारण इथे आहे. ती जागा मग पॉलिशचा डबा आणि सँडपेपर घेतात.

आजचा कायदा 1959 चा, 1962 पासून लागू. त्याच्या कलम 45 मध्ये एक वाक्यांश आहे, ज्यावर भाषांतरकाराने थांबलेच पाहिजे. जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, पण एका अटीवर: ते दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. म्हणजे ‘आजोबांची आहे, चालत नाही’ एवढे पुरत नाही. दुरुस्त केल्यावर चालेल का, हा खरा प्रश्न आहे. आणि कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हेच परवान्याचे काम आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यांत वारशाने आलेल्याही धरल्या जातात. तेव्हा घरातल्या कडाबिनीवर पहिले काम लोहाराचे नसते, कागदाचे असते. ती कोणत्या सदरात मोडते हे जिल्हाधिकाऱ्यांच्या शस्त्र शाखेतून लेखी ठरवून घेणे, हीच पहिली निगा.

उरलेली निगा फारशी अवघड नाही, पण संयमाची आहे. पहिला नियम असा की, ठासणीची प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे धरावे. जुन्या बंदुका बार भरलेल्या स्थितीतच भिंतीवर गेल्याची उदाहरणे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती ओलीने झोपते, मरत नाही. आज्ञापत्रातला हवालदार तिला ऊन का देत होता हे आठवावे. जाणकार माणूस तोंड सुरक्षित दिशेला ठेवून नळीत लाकडी काठी हलकेच सोडतो, खूण करतो आणि तीच लांबी बाहेरून मोजून पाहतो. काठी बुडापर्यंत पोचली नाही तर आत काहीतरी आहे. तिथे घरच्यांचे काम संपते. खोदायचे नाही, ठोकायचे नाही, उन्हात ठेवायचे नाही; पोलिसांना कळवायचे. घोडा ओढून चाप दाबून ‘चालते का’ पाहण्याचा मोहही टाळावा. दीडशे वर्षे ताणलेल्या कमानीला तेवढे निमित्त पुरते.

दुसरा शत्रू आमच्याकडची हवा. मे महिन्यात रायपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. कडाबिनीतले लोखंड आणि लाकूड यांचे या हवेवर एकमत होत नाही. लोखंडाला कोरडे हवे. फार कोरडे झाले की दस्ता आक्रसतो आणि तडकतो. म्हणून टोकाची हवा टाळणे, ती शक्य तितकी एकसारखी ठेवणे महत्त्वाचे. बंदूक बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. दोन ठिकाणी मऊ आधार देऊन आडवी ठेवावी. चामड्याच्या खोळीत तर नकोच, कारण चामडे ओल धरते आणि त्यातली आम्ले लोखंड खातात. उघड्या हाताने धरू नये. घामातले मीठ बोटांचे ठसे गंजाने कोरून ठेवते. धूळ मऊ ब्रशने काढावी. गडद, घट्ट बसलेला गंज राहू द्यावा. लाल, भुरभुरणारा गंज दिसला तर संवर्धकाला दाखवावे. तारेचा ब्रश, लिंबू, चिंच, आम्ल यांना जवळ येऊ देऊ नये. स्वच्छ, कोरड्या धातूवर मेणाचा पातळ थर पुरतो.

घासायचे का नाही? कारण तिच्या अंगावर लिहिलेले असते. कुलपावर कंपनीचा सिंह असतो किंवा राणीचा मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द, एखादे साल. दस्त्यावर कोठाराच्या फळीचा आकडा कोणीतरी कोरलेला असतो. सिंह आणि मुकुट कारखान्याचे. तो वाकडातिकडा आकडा मात्र बंदूक मोजणाऱ्या आणि जागेवर ठेवणाऱ्या माणसाचा. एखादा खिळा मूळचा नसतो, तो गावच्या लोहाराने घडवलेला असतो, आणि तोही बदलायचा नसतो. राखणाऱ्यांचे दफ्तर उरले असेल तर ते एवढेच.

रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय 1875 चे, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. राजनांदगावच्या महंतांच्या देणगीतून ते उभे राहिले. तिथे शिलालेख आणि ताम्रपट पाहताना कोणी म्हणत नाही की झिजलेले अक्षर पुन्हा कोरून ठळक करा. बंदुकीलाही तोच न्याय हवा. भाषांतराच्या कामातही मी आता तो पाळते. मालकाने इंग्रजीत ‘रिपेअर’ म्हणून दिलेल्या रकान्याखाली नुसती साफसफाई आणि जपणूक असेल, तर तिथे मी ‘दुरुस्ती’ लिहीत नाही. घरच्यांना विचारून ‘निगा’ लिहिते. कायद्याने पहिल्या कामाला परवाना लागतो. दुसऱ्याला एक मऊ ब्रश, थोडे मेण आणि दर पंधरवड्याची एक फेरी लागते.