पटकीचे पाणी, साखरमिठाचे पाणी

आषाढ शुद्ध दशमी. साल नेमके धरू नका. 1860 नंतरच्या दहा वर्षांतले कोणतेही चालेल. वाखरीचा तळ हलला तसे तुम्ही दिंडीबरोबर पंढरपुरात शिरला आहात. खांद्यावर पताका, पाय चिखलाने माखलेले, आळंदीपासून अडीचशे किलोमीटरांची चाल अंगात मुरलेली. आगगाडी सोलापूरपर्यंत आली आहे, पण कुर्डुवाडीहून पंढरपूरला छोटी गाडी यायला 1906 उजाडेल. त्यामुळे इथे जमलेला जवळजवळ प्रत्येक जण पायी, नाहीतर बैलगाडीने आलेला. पुंडलिकाच्या देवळाभोवती चंद्रभागा गढूळ होऊन वाढते आहे. त्याच पाण्यात स्नान, त्याच पाण्यात धुणी, काठावरची घाण पावसाने वाहून त्याच पाण्यात. तुम्ही ओंजळ भरता, तीर्थ म्हणून ओठांपर्यंत नेता.

ती गिळण्याआधी, गेले अठरा-वीस दिवस तुमच्या शरीराने काय काय सांभाळले ते बघून घ्या.

तुमचे वजन साठ किलो धरले तर त्यातले छत्तीसेक लिटर नुसते पाणी. त्यातले चोवीस लिटर पेशींच्या आत, बारा बाहेर, आणि त्या बारातले जेमतेम तीन लिटर रक्ताचा पातळ भाग म्हणून नसांतून फिरणारे. दिवे घाट चढताना घामाच्या धारा लागल्या तेव्हा रक्त एक-दोन टक्क्यांनीच दाट झाले होते. तेवढे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला पुरले. घशाला कोरड पडली, एक संप्रेरक रक्तात उतरले आणि मूत्रपिंडांनी पाणी राखायला सुरुवात केली. ही मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि एक-दोन लिटर सोडून सगळा परत रक्तात घालतात. उद्या एकादशीचा उपवास घडेल तेव्हा यकृत साठवलेली साखर थोडी थोडी सोडत राहील. उन्हात चाला, पावसात भिजा, आतले तापमान 37 अंशांच्या आसपास आणि रक्तातले सोडियम लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल. ही समस्थिती. याच वर्षांत तिकडे पॅरिसमध्ये क्लोद बर्नार हा शरीरशास्त्रज्ञ सांगतो आहे की प्राणी जगतो तो बाहेरच्या हवेत कमी आणि आपल्या अंगातल्या द्रवांत जास्त. पंढरपुरात ती बातमी कुणाला नाही. तुमच्या मूत्रपिंडांना तिची गरजही नाही.

आता ओंजळ गिळा.

आतड्याच्या भिंतीशी

जठरातल्या आम्लाने पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, बहुतेक जंतू मारले, थोडे निसटले. त्यांच्यामागून तुम्हीही लहान होत लहान आतड्यात उतरा. समोर लव दाटलेली भिंत आहे आणि प्रत्येक लवेवर खांद्याला खांदा लावून उभ्या उंच पेशी. एकेक पेशी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी. तळाच्या खोबणीत ती जन्मते, वर सरकत जाते आणि तीन ते पाच दिवसांत टोकावरून गळून पडते. आळंदीहून निघताना तुमचे अन्न शोषणाऱ्या पेशींतली वाखरीपर्यंत एकही पोचलेली नाही. वाटेत हे अस्तर किमान तीन-चार वेळा नवे झाले, तुम्हाला पत्ताही लागला नाही.

एका पेशीपाशी जरा थांबा. तिच्याभोवती चरबीच्या दोन थरांचे पातळ पटल. त्यातून पाणी कसेबसे जाते, पण मिठाचे भारित कण अडतात. ते जातात पटलात रुतलेल्या प्रथिनांच्या वाटांनी, आणि प्रत्येक वाट कधी उघडायची, कधी मिटायची हे ठरलेले. तळाच्या बाजूला अखंड चालणारे पंप आहेत: दर खेपेला सोडियमचे तीन कण बाहेर, पोटॅशियमचे दोन आत. त्यांना लागणारी ऊर्जा तंतुकणिका पुरवतात. पंपांमुळे पेशीत सोडियम सतत कमी राहते, म्हणून आतड्यातले सोडियम आत यायला बघते आणि त्याच्यामागे पाणी येते. तुम्ही प्यालेले आणि शरीराने स्वतः आतड्यात सोडलेले मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी या भिंतीशी येते. जवळपास सगळे परत घेतले जाते.

पटकीचा जंतू या पेशीत शिरत नाही. तो भिंतीला चिकटून बसतो आणि एक विष सोडतो. विषाचे पाच घटक पटलावरच्या एका स्निग्ध रेणूला धरतात, सहावा त्यांच्यावर बसून येतो. पेशी स्वतःच पटलाचा तेवढा तुकडा आत ओढून घेते. विष गॉल्गी संकुलात जाते, तिथून उलटे चालत अंतर्द्रव्यजालिकेत पोचते. प्रथिने घडवून बाहेर पाठवण्याचा पेशीचा जो रस्ता, त्याच रस्त्याने हे उलट दिशेने आत आले. जालिकेत बिघडलेली प्रथिने बाहेर टाकायची एक वाट असते. विषाचा कामाचा तुकडा बिघडलेल्याचे सोंग घेतो आणि त्या वाटेने पेशीच्या द्रवात उतरतो.

तिथे तो एकच गोष्ट करतो. पेशीत संदेश देणारे एक प्रथिन असते. ते चालू होते, काम झाले की आपले आपण बंद होते. विष त्याचे बंद होणे बंद करते. मग संदेश थांबत नाही, आतड्याच्या पोकळीकडची क्लोराइडची वाट मिटत नाही, क्लोराइड बाहेर पडत राहते, त्याच्यामागे सोडियम आणि त्यांच्यामागे पाणी. पेशी मेलेली नाही. भिंत फाटलेली नाही. केंद्रक, तंतुकणिका, पंप सगळे जागेवर आहे. फक्त एक वाट उघडी राहिली आहे.

द्वादशीचा दिवस

एकादशी पार पडली. द्वादशीला पहाटे पोटात कळ न येताच पाणी सुटते, आधी मळकट, मग तांदळाच्या धुवणासारखे. तासाला लिटरभरसुद्धा जाऊ शकते. रक्तातले पातळ पाणी तीनच लिटर, हे आठवा.

शरीर हात बांधून बसत नाही. हृदय धावते, हातापायांच्या नसा आवळतात, उरलेले रक्त मेंदूकडे वळते. लघवी थांबते. शौचातून क्षार गेल्याने रक्त आम्ल होऊ लागते, म्हणून श्वास खोल आणि जलद होतो. डोळे खोल जातात, आवाज बसतो, पोटऱ्यांना पेटके येतात, कातडीची चिमटी घेतली तर तशीच उभी राहते. घाट चढताना जे नियम तुम्हाला तारत होते तेच अजून राबताहेत. त्यांना पुरवायला पाणी उरलेले नाही.

तुम्ही तांब्याकडे हात करता. “नको माउली,” शेजारचा विणेकरी हात धरतो, “पाणी ठरत नाही पोटात. आणखी वाढेल.” त्याच्या शब्दांत माया आहे. त्या काळी बहुतेक जगाचा हाच समज आहे. गोरे डॉक्टरही पाऱ्याची औषधे आणि अफू देतात. गावाकडे मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेतील. सरकारची नजर यात्रांवर आहे: 1865 मध्ये मक्केच्या यात्रेत पटकी पसरली, 1866 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला राष्ट्रांची परिषद भरली, 1867 मध्ये हरिद्वारच्या कुंभानंतर उत्तरेत साथ गेली. पंढरपूरही त्या यादीतले नाव. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होईल, दिंड्या परततील, आणि जंतू गावोगावच्या विहिरींपर्यंत पोचेल.

उपायाचा धागा मात्र केव्हाच हाती आलेला आहे. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने 1831 मध्ये दाखवून दिले की पटकीच्या रोग्याच्या रक्तातून पाणी आणि क्षार जातात. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये टॉमस लॅटाने शिरेतून खारे पाणी देऊन काही रोगी उठवले. लोक ते विसरले. ओशॉनेसी हिंदुस्थानात आला आणि नावाजला तो तारायंत्राच्या तारा टाकण्यासाठी.

शंभर वर्षे पुढे

इथे राहिलात तर वाचण्याची शक्यता निम्मीच. म्हणून 1971 मध्ये या, बंगालच्या सीमेवरच्या बनगावला. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित आले आहेत, पटकी पसरली आहे, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले आहे. डॉ. दिलीप महालनबीस पिंप भरून ठेवतात: लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. पिंपाला नळ. नातेवाइकांनी पेला भरायचा आणि पाजत राहायचे. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चारच्या खाली आले.

नुसते मीठपाणी का चालले नसते, हे बघायला पुन्हा त्या पेशीपाशी जा. क्लोराइडची वाट अजून उघडीच आहे. विष तिथून हलत नाही. पण त्याच पटलात आणखी एक वाट आहे, तिला विषाने हात लावलेला नाही. आषाढीला विठ्ठलाच्या शासकीय महापूजेचा मान वारकरी दांपत्याला जोडीनेच मिळतो, तसा या वाटेने सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत येतात, एकट्याला प्रवेश नाही. ही जोडी आत आली की पाणी तिच्यामागे येते. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही जोडी मांडली. त्याच्या आदल्या वर्षी कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी पटकीचे विष दाखवून दिले होते. ‘द लॅन्सेट’ने 1978 मध्ये सोडियम-ग्लुकोजच्या जोडीच्या शोधाला विसाव्या शतकातली कदाचित सर्वांत मोठी वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस 2022 मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, 2023 मध्ये मिळाला.

आता आपल्या काळात परत या. नळाला क्लोरीनचे पाणी आहे, वाटेवर टँकर आणि दवाखाने आहेत, पण पटकी जगातून गेलेली नाही आणि जुलाब तर घरोघरी लागतात. वारीला निघताना पिशवीत ओआरएसची पाकिटे ठेवा. लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच घाला, कमी पाण्यात नाही. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून जास्त घालू नका, चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा घोट घोट पाजा. लघवी बंद झाली, माणूस गुंगीत गेला, शौचातून रक्त पडले किंवा पाणी ठरेचना, तर दवाखाना गाठा. आणि कुणी मायेने हात धरून “पाणी देऊ नका” म्हणाले, तर तेवढे मात्र ऐकू नका.