एका आवारातली दोन विश्वं

पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए आणि आयुका या संस्था शेजारी-शेजारी आहेत. पहिली गोविंद स्वरूपांमुळे उभी राहिली, दुसरी जयंत नारळीकरांमुळे. दोघांनाही आपण संस्था उभारणारे म्हणून ओळखतो. पण विश्व पूर्वीही आजच्यासारखंच होतं का, या प्रश्नावर त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या.

१९४८ साली बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावतं, पण नवं द्रव्य निर्माण होत राहिल्यामुळे त्याचं रूप बदलत नाही, असं तो सांगतो. म्हणजे जुनं विश्व आणि आजचं विश्व सारखंच दिसायला हवं. १९६१ मध्ये केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनी रेडिओस्रोतांची गणती करून हे चुकीचं असल्याचं म्हटलं. त्याला उत्तर देणारा शोधनिबंध हॉईल यांनी ज्या तरुण विद्यार्थ्यासोबत लिहिला, तो म्हणजे नारळीकर.

इकडे स्वरूप १९६३ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून टीआयएफआरमध्ये आले. त्यांनी उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण बांधली. त्यासाठी निवडलेल्या डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून ती तासन्‌तास एखाद्या स्रोताचा माग काढू शकली. चंद्र एखाद्या स्रोतासमोरून जाताना त्याचा संदेश कसा कमी होतो, यावरून स्रोताचा आकार काढायचा, ही तिची मुख्य पद्धत. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी निष्कर्ष मांडले: अंधूक, म्हणजे सरासरीने दूरचे, स्रोत ज्या प्रकारे लहान होत जातात, ते बदलत्या विश्वाशी जुळतं.

नारळीकर तेव्हा टीआयएफआरमध्येच होते. त्यांच्या सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा त्यांच्याच संस्थेतून येत होता. त्यांनी पर्यायाचा शोध सोडला नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी आकुंचन-प्रसरणाची आवर्तनं असलेलं सुधारित प्रारूप मांडलं. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही.

याकडे हट्ट म्हणून पाहणं सोपं आहे. पण स्थिर स्थिती सिद्धान्ताचं मोल असं, की तो खोटा ठरू शकेल इतकं नेमकं बोलत होता. ‘पूर्वी वेगळं असेल’ हे विधान मोघम आहे. ‘पूर्वीही असंच होतं’ हे तपासता येतं. तपासायचं म्हणजे दूरचं पाहणारी दुर्बीण लागते.

तशी एक दुर्बीण स्वरूपांनी नारायणगावजवळ खोडदला उभारली: जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. ७ सप्टेंबर २०२० रोजी स्वरूप गेले. पुढच्याच महिन्यात आदित्य चौधुरी, निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांचा या दुर्बिणीवरचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. एकेका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश अतिशय क्षीण, म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र केले. निष्कर्ष असा: सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वी तारे इतक्या वेगाने जन्मत होते, की नवा वायू मिळाला नसता तर असलेला एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता. त्यानंतर ताऱ्यांची निर्मिती का मंदावली, याचं एक कारण त्यातून मिळतं.

म्हणजे पूर्वीचं विश्व वेगळंच होतं. त्या वादात स्वरूपांची बाजू टिकली. पण आपल्याकडे मतभेद म्हटला की माणसं एकमेकांची दारं बंद करतात. इथे मात्र एका आवारात, एका भिंतीच्या अंतरावर, दोन्ही दारं उघडी राहिली.