सर्वांत जलद चित्रकार

जर्मनीतल्या वायमार शहरात संत पीटर आणि संत पॉल यांच्या चर्चमध्ये एका चित्रकाराची कबरशिळा आहे. लेख लॅटिनमध्ये आहे. 16 ऑक्टोबर 1553 रोजी लुकास क्रानाख वारला, तो विटेनबर्गचा नगराध्यक्ष होता, सॅक्सनीच्या तीन इलेक्टरांचा, म्हणजे सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या राजांचा, प्रिय होता, त्याचं वय 81 होतं, एवढं ती शिळा सांगते. आणि आणखी एक शब्द: ‘सेलेरीमुस’. म्हणजे अतिशय जलद. कबरीवर चित्रकाराला ‘थोर’ म्हणावं, ‘नामवंत’ म्हणावं. ‘जलद’ कोण म्हणतं? म्हणून पाथरवटाला ‘सेलेबेरीमुस’, म्हणजे सुप्रसिद्ध, असं कोरायचं होतं आणि मधला ‘बे’ निसटला, असा एक तर्क फार पूर्वीपासून चालत आलेला आहे. तर्क सुटसुटीत आहे. पण तो मान्य करण्याआधी बाकीचे कागद काय म्हणतात ते पाहायला हवं.

आधी वयाचं पाहू. शिळेवरचे 81 म्हणजे पूर्ण झालेली वर्षं धरली, तर जन्म ऑक्टोबर 1471 ते ऑक्टोबर 1472 या बारा महिन्यांत कधीतरी येतो. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात क्रानाखचं एक व्यक्तिचित्र आहे. त्यावर 1550 हे साल आणि वय 77 असं लिहिलं आहे. त्या हिशेबाने जन्म 1472 किंवा 1473 मध्ये. दोन्ही मर्यादा एकमेकींवर ठेवल्या की 1472 चे पहिले साडेनऊ महिने उरतात. तिसरा साक्षीदार मथियास गुंडराम. हा क्रानाखच्या नातवंडांचा शिक्षक. त्याने 1556 मध्ये लिहिलेल्या लॅटिन टिपणात जन्म 1472, गाव क्रोनाख, असं स्पष्ट दिलं आहे. तिघांचं जुळतं. मात्र हे तीनही साक्षीदार म्हातारपणाचे किंवा मृत्यूनंतरचे आहेत आणि एकाच घराभोवतीचे आहेत. घरात जे सांगितलं जात होतं तेच तिघांनी लिहिलं असण्याची शक्यता मोठी. शिवाय उफिझीतलं ते चित्र, जे पिढ्यान् पिढ्या ‘आत्मचित्र’ म्हणून दाखवलं गेलं, ते मुलाने, म्हणजे धाकट्या लुकासने, काढलं असावं असं आज अनेक अभ्यासक मानतात. हा मुद्दा बाजूला ठेवू. पुढे तो परत येणार आहे.

गुंडराम सांगतो की लुकास चित्रकला बापाकडे शिकला. त्यानंतर तिशीपर्यंत जवळजवळ काळोख. मग अचानक व्हिएन्नात उजेड पडतो: संत जेरोमचं चित्र, त्यावर साल 1502, म्युनिकमध्ये असलेलं क्रुसारोहण, साल 1503. इतक्या पक्क्या हाताची चित्रं कोणाचीही पहिलीवहिली नसतात. आधीची कुठे गेली, कागद बोलत नाहीत. 1504 च्या ‘इजिप्तच्या वाटेवरची विश्रांती’ या चित्रावर ‘एल’ आणि ‘सी’ ही आद्याक्षरं येतात. आणि 1505 च्या एप्रिलमध्ये सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक याच्या खर्चवहीत टोरगाउ इथे चित्रकार लुकास याला 40 गुल्डन दिल्याची नोंद सापडते. इथून पुढे जवळपास अर्धशतक हा माणूस आपल्याला भेटतो तो मुख्यतः जमाखर्चात.

आपल्याकडे बखर आणि दफ्तर यांची जी ओढाताण इतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक असते, ती इथेही आहे. बखरीची बाजू क्रिस्टोफ शॉयर्ल या न्युरेंबर्गच्या कायदेपंडिताची. विटेनबर्ग विद्यापीठात शिकवणाऱ्या शॉयर्लने 1509 मध्ये आपलं एक भाषण छापलं आणि ते क्रानाखला अर्पण केलं. अर्पणपत्रात किस्से आहेत. ऑस्ट्रियात क्रानाखने मेजावर द्राक्षं रंगवली, ती खायला पक्षी आला. कोबुर्गला हरणाची शिंगं रंगवली, त्यांवर बसायला पक्षी झेपावले आणि खाली पडले. प्राचीन ग्रीक चित्रकार झ्यूक्सिसची द्राक्षांची गोष्ट ज्याने वाचली आहे त्याला हे पक्षी ओळखीचे वाटतील. ते व्हिएन्नाच्या बागेतून नव्हे, रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथातून उडत आले आहेत. किस्से पुरावा म्हणून घ्यायचे नाहीत. पण त्याच पत्रात शॉयर्ल एक गोष्ट निराळ्या सुरात सांगतो: क्रानाख कधी रिकामा बसत नाही आणि कामाच्या झपाट्यात तो सर्व चित्रकारांना मागे टाकतो. झ्यूक्सिसच्या गोष्टीत झपाटा नाही. हे शॉयर्लने पुस्तकातून उचललेलं नाही, विटेनबर्गमध्ये डोळ्यांनी पाहिलेलं असणार. शिळेवरच्या ‘सेलेरीमुस’ला इथे, 44 वर्षं आधी, पहिला आधार मिळतो.

आता दफ्तर. दरबारी चित्रकाराला वर्षाला 100 गुल्डन पगार होता, शिवाय दरबारी पोशाख. त्याच्या बदल्यात तो वेदीचित्रं करी, तसंच शस्त्रस्पर्धांच्या घोड्यांच्या झुली, झेंडे, ढाली, वाड्यांच्या भिंती, घसरगाड्या, सगळं रंगवी. 6 जानेवारी 1508 रोजी न्युरेंबर्गला फ्रेडरिकने त्याला कुलचिन्ह बहाल केलं: वटवाघळाचे पंख असलेला, मुकुट घातलेला, तोंडात अंगठी धरलेला साप. हाच साप पुढे चित्रांवर सही म्हणून येऊ लागला. नीट पाहिलं तर कुलचिन्ह घराण्याचं असतं, एका माणसाचं नसतं. चित्रावरच्या सापाने कारखाना कुठला ते कळतं. कुंचला कोणाच्या हातात होता ते कळत नाही.

या संशयाला सगळ्यात भक्कम आधार देणारा कागद 10 मे 1533 चा आहे. इलेक्टर योहान आदल्या ऑगस्टमध्ये वारला होता. त्याचा भाऊ फ्रेडरिक 1525 मध्येच गेला होता. नव्या इलेक्टरने, योहान फ्रेडरिकने, दोघांच्या स्मरणार्थ छोट्या फळ्या करून घेतल्या. नोंद अशी: 60 जोड्यांचे 109 गुल्डन 14 ग्रोशेन. सॅक्सनीत हिशेबाचा गुल्डन 21 ग्रोशेनचा. म्हणजे एकूण 2,303 ग्रोशेन, जोडीला 38 च्या थोडं वर, एका चेहऱ्याला एक गुल्डनसुद्धा पुरता नाही. 120 चेहरे, खाली छापील कागदावर पद्यं चिकटवलेली. यांतल्या कितीतरी फळ्या आजही संग्रहालयांतून आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की दाढीचं वळण तेच, टोपीची कड तीच. हा वेग एका मनगटाचा नाही. ठरीव मापाच्या फळ्यांचा, एका नमुन्यावरून उतरवलेल्या चेहऱ्यांचा आणि शिकवून तयार केलेल्या अनेक हातांचा आहे.

आणि इथे क्रानाख शिक्षक म्हणून दिसतो, तोही पाठमोरा. त्याने शिक्षणाविषयी काही लिहिलं नाही. त्याचे शिकाऊ आणि कारागीर नोंदींत येतात ते बहुतेक वेळा बिननावाचे. एकदाच ते मोठा गलका करत पुढे येतात: 1520 मध्ये विटेनबर्गमध्ये विद्यार्थी आणि क्रानाखचे कारागीर यांच्यात शस्त्र बाळगण्यावरून दंगल झाली, आणि प्रकरण इतकं वाढलं की धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला त्याविरुद्ध बोलावं लागलं. कमरेला तलवार लावून विद्यापीठाच्या पोरांशी भिडणाऱ्या चित्रकारांची संख्या दोन-चार नसावी, हा माझा अंदाज. आकडा कागदात नाही. ते काय शिकले हे मात्र चित्रांवरून वाचता येतं. गुरूसारखं काढायचं, इतकं की आपण ओळखू येऊ नये. चित्रशाळेत सहसा शिष्याचा हात घडवतात. इथे तो झाकायला शिकवत होते.

नावानिशी माहीत असलेल्या शिष्यांत त्याचे दोन मुलगे आहेत: हान्स आणि लुकास. हान्स इटलीला गेला आणि 9 ऑक्टोबर 1537 रोजी बोलोन्यात वारला. त्याची 1537 ची रेखाटनवही हानोफरमध्ये जपली आहे. डिसेंबरात ल्यूथर सांत्वनाला गेला होता. मुलाला आपणच इटलीला धाडलं याची बोच बापाला लागली होती, असं ल्यूथरच्या संभाषणांच्या टिपणांत आहे. त्याच सुमारास चित्रांवरचा साप बदलतो. वटवाघळाचे उभे पंख जाऊन पक्ष्याचे आडवे, मिटलेले पंख येतात. मुलाचा शोक की कारखान्याचा कारभार धाकट्या लुकासकडे गेल्याची खूण? दोन्ही अर्थ लावले गेले आहेत. तारखा जुळतात एवढं खरं. कारण कोणी लिहून ठेवलेलं नाही. 1537 मध्येच क्रानाख पहिल्यांदा नगराध्यक्ष झाला, हेही तिसऱ्या पारड्यात टाकायला हवं. सतत सभांना बसणारा, औषधांच्या दुकानाचा 1520 पासूनचा सनदधारक, साठी ओलांडलेला माणूस रोज किती तास घोडीपुढे उभा राहत असेल?

शेवटच्या वर्षांसाठी पुन्हा गुंडराम. 1547 मध्ये सम्राटाविरुद्धच्या म्यूलबर्गच्या लढाईत योहान फ्रेडरिक कैद झाला. गुंडराम सांगतो, विटेनबर्गजवळच्या छावणीत सम्राट पाचव्या चार्ल्सने म्हाताऱ्या चित्रकाराला बोलावून विचारलं, तू माझं लहानपणी चित्र काढलं होतंस, तेव्हा माझं वय काय होतं? आठ, क्रानाख म्हणाला, आणि मग आपल्या धन्यासाठी त्याने रदबदली केली. प्रसंग बखरीत शोभावा असाच. पण तपासता येण्यासारखा एक धागा त्यात आहे. चार्ल्स फेब्रुवारी 1500 चा. आठ वर्षांचा तो 1508 मध्ये होता. आणि क्रानाख 1508 मध्ये नेदरलँड्सला गेला होता, हे शॉयर्लच्या त्या 1509 च्या पत्रात आहे. दोन निराळ्या माणसांनी, 47 वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या गोष्टी एकाच सालावर येऊन टेकतात. संवाद सजवलेला असेल. भेट मला खरी वाटते. ते बालचित्र मात्र हाती नाही.

1550 मध्ये, सत्तरी कधीच उलटलेली असताना, क्रानाख कैदेतल्या धन्याकडे आउग्सबुर्गला गेला. तिथे केलेल्या चित्रांच्या यादीत एक ओळ आहे, जी वाचताना कोणाही अभ्यासकाची मान वर होईल: व्हेनिसचा चित्रकार तित्सियान याचं व्यक्तिचित्र. दोघे समोरासमोर बसले होते तर. ते चित्रही नाहीसं झालं आहे. उरली ती हिशेबाची ओळ.

धनी सुटला, 1552 मध्ये क्रानाख त्याच्याबरोबर वायमारला आला आणि पुढच्या वर्षी वारला. ‘सेलेरीमुस’ कोरणाऱ्याची चूक झाली असं मला आता वाटत नाही. शॉयर्लने त्याच गुणासाठी त्याला वाखाणलं होतं आणि 1533 च्या बिलाने त्याचा भाव सांगितला होता. त्याच चर्चमध्ये मोठं वेदीचित्र आहे. क्रुसाजवळ, ल्यूथरच्या शेजारी, पांढऱ्या दाढीचा क्रानाख उभा आहे आणि ख्रिस्ताच्या बरगडीतून उडालेली रक्ताची धार थेट त्याच्या डोक्यावर पडते आहे. चित्रावर साल आहे 1555.