भोसे येथील वटवृक्ष

सांगली जिल्ह्याच्या मिरज तालुक्यात, भोसे गावच्या हद्दीत यल्लमा देवीच्या मंदिराजवळ असलेला जुना वड. शास्त्रीय नाव फायकस बेंघालेन्सिस, कुल मोरेसी. विस्तार सुमारे 400 चौ. मी.; वय सुमारे 400 वर्षे सांगितले जाई. वडाच्या खोडात दरवर्षीची स्पष्ट वलये आढळत नाहीत आणि मूळ खोड कुजले तरी जमिनीत रुजलेल्या पारंब्या झाड तोलून धरतात. त्यामुळे अशा वृक्षांचे वय बहुधा लोकांच्या सांगण्यावरूनच मानले जाते. मिरज–पंढरपूर वाटेवरचा हा वड पायी जाणाऱ्या वारकऱ्यांचा विसावा होता.

रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात हा वड आला. सोलापूर, तुळजापूर, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा हा मार्ग मराठवाड्यातून विदर्भात जातो. वड तोडला जाणार हे कळताच 2020 च्या जुलैमध्ये ग्रामस्थ व पर्यावरणप्रेमींनी आंदोलन केले. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले. त्यानंतर रस्त्याच्या आखणीत बदल करून वड राखण्याचा निर्णय झाला. 2022 मध्ये मात्र वादळी वाऱ्यापावसात तो उन्मळून पडला.

2021 मध्ये राज्याने 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती केली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ मानण्यात आले. असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. हा कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे. महामार्गावरील लातूर (महानगरपालिका 2011) आणि नांदेड-वाघाळा (महानगरपालिका 1997) या शहरांतील जुनी झाडे त्याच्या कक्षेत येतात. भोशासारख्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतील झाडांना तो लागू होत नाही. भोशाचा वड वाचला तो लोकांच्या रेट्यामुळे. वयामुळे मिळणारे कायद्याचे संरक्षण त्याला कधीच नव्हते.